परसातील वाफा आणि घरचे बी

वाडवळ म्हणजे वाडी करणारा. वसईपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर आपल्या ज्ञातीचे नाव आणि तिचा व्यवसाय एकमेकांत असे गुंतलेले आहेत. पानवेल, केळी आणि चिकू यांच्या बागायतीचा आपणांस अभिमान वाटतो, व तो रास्तही आहे. परंतु प्रत्येक घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला जो भाजीचा तुकडा असे, त्याचा उल्लेख आपल्या इतिहासलेखनात क्वचितच आढळतो. त्याचे कारण उघड आहे. त्या तुकड्यातील माल बाजारात जात नसे, त्याचा हिशेब चोपडीत चढत नसे, आणि तो पुरुषांच्या नव्हे, स्त्रियांच्या हाती असे. प्रस्तुत लेखात डहाणू पट्ट्यातील या परसबागेचा पूर्ववृत्तांत संक्षेपाने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेस खाडी, रेताड जमीन व समुद्र. पूर्वेस तलासरीकडे चढत जाणारी डोंगराळ भूमी. पाऊस चार महिन्यांतच सारा कोसळतो व मग आठ महिने आकाश कोरडे. अशा ठिकाणी एकाच प्रकारचा वाफा वर्षभर उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात सपाट जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून आपले पूर्वज वीतभर उंचीचा गादीवाफा करीत. त्याची रुंदी इतकीच ठेवीत की दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यावर पाय पडू नये. पाय न पडल्याने माती भुसभुशीत राहते व मुळांना हवा मिळते. पाऊस सरला की तीच माती ओढून खोल वाफे व पाट केले जात, म्हणजे विहिरीच्या पाण्याचा थेंबही वाया जात नसे. शेणखत, राख व मासळीचे खत हे या मातीचे अन्न होते.

वाफा उंच करण्याची ही विद्या भाताच्या रोपवाटिकेशी निकट संबंधित आहे. ठाणे जिल्ह्यात शेण, पालापाचोळा व फांद्या जाळून राब भाजण्याची रीत जुनी आहे. आगीने तणाचे बी मरते व राखेमुळे रोपास जोर येतो. इंग्रजी अमदानीत वनखात्याने फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा या राबावरून मोठा असंतोष माजला. 1885 साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला, त्याच्यापुढे हाही प्रश्न होता. रोपाची जागा कोणी व कशी तयार करावी, हा प्रश्न तेव्हाही क्षुल्लक मानला गेला नव्हता.

आता भाज्यांकडे वळू. वांगी, काकडी, पडवळ, कारली, वाल व अळू ही आपली फार जुनी संपत्ती. मिरची, लाल भोपळा, टोमॅटो व पपई ही मात्र मूळची अमेरिका खंडातील. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरल्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून यांतील बहुतेक वनस्पती या किनाऱ्यास लागल्या. 1739 च्या वसईच्या मोहिमेने चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांची सत्ता उत्तर कोकणातून उखडून काढली. सत्ता गेली, पण मिरची राहिली. ती राहिली, कारण घरोघरच्या स्त्रियांनी तिचे बी धरले. परकी वनस्पती आपली झाली ती राजाज्ञेने नव्हे, तर आडीला टांगलेल्या गाठोड्यांमुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

1864 साली रेल्वेमार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाला व या भागातील मालास मुंबईचा बाजार खुला झाला. पुढे चिकूची लागवड वाढली. तीही अमेरिकेतीलच वनस्पती. आपल्याकडे तिचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि दाट वाढलेल्या चिकूच्या सावलीत भाजीचा वाफा तग धरीत नाही, हेही तितकेच खरे. पैसा आला आणि परसबाग आक्रसली.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. किनाऱ्यावरील वाड्यांचे बांध घालण्यात व वाफे खणण्यात वारली आदी आदिवासी मजुरांचे श्रम फार मोठे आहेत. या मुलखात वेठीची दुष्ट चाल होती. 1945 साली तलासरी भागातील झरी येथे आदिवासींची सभा भरली व गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने वेठ मोडून काढली. आपल्या बागायतीचा गौरव करताना हे ऋण लपविणे उचित होणार नाही. बियांच्या देवघेवीतही आपण केवळ देणारे नव्हतो. डोंगरातील कुडाच्या घरांवर चढलेल्या काकडीचे व दुधीचे वाण खाली आले, तसेच आपले वर गेले.

घरचे बी धरण्याची रीत पुढील पिढीसाठी नोंदवून ठेवणे अवश्य आहे. माझी आजी वेलावरचे उत्तम फळ आधीच हेरून त्यास चिंधी बांधीत असे. त्या फळास कोणी हात लावावयाचा नाही, मग पाहुणा का येईना! वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर राही. दुधी वाळून आत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे उतरविला जाई. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, चुलीवरच्या आडीला टांगले जाई. धूर व उष्णता यांमुळे ओलावा आणि कीड दूर राहते. वाल, घेवडा व चवळी यांत परपराग फारसा शिरत नाही, म्हणून त्यांचे वाण शुद्ध ठेवणे सोपे. भोपळा व काकडी यांची गोष्ट निराळी. शेजारच्या वेलीचा पराग मधमाशी आणते. यास्तव आदल्या सायंकाळी भोपळ्याची नर व मादी फुले दोऱ्याने बांधून ठेवावीत, पहाटे हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधावे.

आपल्या भागाने या विषयास एक शब्दही दिला आहे. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. 1975 साली केंद्र सरकारच्या योजनेने तो देशभर पोहोचविला. अंगण आणि वाडी या दोन शब्दांची ही जोडी आपल्या किनाऱ्यावर जुळावी, यात मला नवल वाटत नाही.

आजची स्थिती काय आहे? काही वर्षांपूर्वी मी दुकानातून संकरित टोमॅटोच्या बियांची पुडी आणली. पीक भरघोस आले. हुरळून जाऊन त्याचे बी धरले, तर पुढील वर्षी एक झाड उंच, एक खुजे, फळे लहानमोठी व बेचव! दोष विक्रेत्याचा नव्हता. संकरित वाणाचे गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात, हा निसर्गनियम मी विसरलो होतो. मग आजीचे वांगे आठवले. घरात शोध केला. ते बी कोणाकडेच उरले नव्हते. आजी गेल्यावर तीन-चार वर्षे कोणी पेरले नाही, एवढेच कारण. हस्तलिखिताची नक्कल करता येते, पण उगवणशक्ती गेलेले बी परत आणता येत नाही.

कायदा आपल्या बाजूस आहे. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमान्वये शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, परस्परांस देण्याचा व विकण्याचाही अधिकार आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेने विकता येत नाही. आणि उदाहरणही दूरचे नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता परसबागेतून शेकडो गावरान वाणांचे बी जपले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जे एका आदिवासी भगिनीने केले, ते बागायतीचे नाव मिरविणाऱ्या समाजास अशक्य का असावे?

म्हणून ज्ञातिबंधु-भगिनींस नम्र विनंती अशी की, प्रत्येक कुटुंबाने एक वाण पत्करावा. मग तो वालाचा असो वा पडवळाचा. मुंबईच्या सदनिकेतही खिडकीतील पेटीत मिरचीचे एक रोप राहू शकते. पुढील वार्षिक मेळाव्यास येताना त्याचे मूठभर बी कागदात बांधून आणावे, त्यावर वाणाचे नाव, गाव, व ते कोणाकडून मिळाले त्या आजी-मावशीचे नाव लिहावे. स्मरणिकेत आपण वाडवडिलांची नावे छापतो. त्या माउल्यांची नावे बियांच्या पुड्यांवर तरी लिहिली जावीत, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.