जुन्या मोटरचा धूर

मोटर विकणारे आजोबा म्हणाले, "आधी चालू करून बघ, मग पैशांचं बोलू."

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या बाहेर त्यांचं घर होतं. अंगणात ट्रेलरवर सतरा फुटी बोट, आणि बोटीच्या मागच्या फळीला लावलेली काळी आउटबोर्ड मोटर. 1990च्या दशकातली, 150 हॉर्सपॉवरची, व्ही-6, कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक. इंजिन गार ठेवायला बागेच्या पाइपानं पाणी जोडलं आणि किल्ली फिरवली. ती दोनदा खोकली आणि निळसर धूर सोडत सुरू झाली.

त्या वासानं मी थेट पुण्यात पोचलो. बाबांची स्कूटर, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल, थंडीच्या सकाळी ती तिरकी करून मारलेली किक. अगदी तोच वास. खरं सांगायचं तर ही मोटर मी नाकानं विकत घेतली.

तरी जुन्या मोटरी घेताना करायच्या तपासण्या केल्या. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला की समजायचं, आतल्या रिंगा किंवा पिस्टन गेले. आकडे जवळजवळ सारखे आले. खालच्या गिअरच्या डब्यातलं थोडं तेल काढून पाहिलं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं असतं. तसं नव्हतं. मोटर एकूण किती तास चालली होती, हे कळायला मात्र मार्ग नव्हता. आजोबांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पहिल्या रविवारी विनेबागो तलावावर गेलो. मोठा, उथळ तलाव. खोली सरासरी पंधरा फुटांच्या आसपास. थ्रॉटल पुढे ढकलला तशी बोटीची नाळ वर आली, क्षणभर समोरचं काही दिसेना, आणि मग बोट पाण्यातून वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरायला लागली. शेजारी बसलेली माझी मुलगी किंचाळत हसत होती. त्या उन्हाळ्यात आम्ही एकही रविवार सोडला नाही.

मग या यंत्राचा इतिहास वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मी त्याच्या माहेरीच राहतोय.

ओले एव्हिनरूड नॉर्वेत जन्मला आणि 1882 साली, पाच वर्षांचा असताना, घरच्यांबरोबर विस्कॉन्सिनला आला. पुढे मिलवॉकीत मशिनिस्ट झाला. गोष्ट अशी सांगतात की, 1906च्या उन्हाळ्यात एका सहलीत त्याची बेस नावाची मैत्रीण म्हणाली, आइस्क्रीम हवं. ओले तलाव वल्हवत पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं होतं. गोष्टीला किती मीठमसाला लागला असेल ते जाऊ दे. 1909 साली त्याची मोटर बाजारात आली हे पक्कं: दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड, किंमत 62 डॉलर. बोटीच्या मागे लावायची पेट्रोल मोटर विकणारा तो पहिला नव्हता. कॅमेरॉन वॉटरमननं त्याच्याआधी ते केलं होतं. पण ती घराघरांत पोचवली ओले आणि बेस या नवराबायकोनं. तो यंत्र बघायचा, ती व्यवहार आणि जाहिराती. वल्ही फेकून द्या, असं ती लोकांना सांगायची.

दुसरा माणूस कार्ल कीकहेफर. 1939 साली त्यानं मिलवॉकीजवळच्या सीडरबर्गमध्ये एक बंद पडलेला आउटबोर्डचा कारखाना घेतला. त्याला खरं तर चुंबकीय यंत्रं बनवायची होती. पण कारखान्यात शेकडो मोटरी पडून होत्या. नीट चालत नाहीत म्हणून एका मोठ्या मेल-ऑर्डर कंपनीनं त्या परत पाठवल्या होत्या. पैसे उभे करायला त्यानं त्या दुरुस्त केल्या. त्या इतक्या चांगल्या चालल्या की कंपनीनं आणखी मागितल्या. अशी मर्क्युरी सुरू झाली. म्हणजे तिचीही सुरुवात दुसऱ्यानं टाकलेल्या मोटरींपासूनच. माझ्यासारख्या जुनी मोटर घेणाऱ्याला हे वाचून बरं वाटलं.

पुढे शर्यत लागली. 1957 साली मर्क्युरीनं 60 हॉर्सपॉवरची सहा सिलिंडरची मोटर काढली, 1962 साली 100ची. 1976 साली व्ही-6 आली: मर्क्युरीची 175 हॉर्सपॉवरची, आणि एव्हिनरूड व जॉन्सन हे ब्रँड ज्यांच्याकडे होते त्या ओएमसीची 200ची. दीडपासून 200पर्यंत, 67 वर्षांत. माझी मोटर त्याच व्ही-6 घराण्यातली.

एवढी ताकद एवढ्या हलक्या इंजिनात बसली, कारण ते टू-स्ट्रोक होतं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, वजन कमी. बोटीच्या मागच्या टोकाला वजन लटकवायचं असतं तेव्हा हे फार महत्त्वाचं. पण याची किंमत आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण करतं, आणि त्या वेळी बाहेरचं दारही उघडंच असतं. त्यामुळे त्यातलं काही मिश्रण न जळताच बाहेर जातं. हे प्रमाण पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहून जास्त असतं. आणि माझ्या मोटरचा धूर बाहेर पडतो पंख्याच्या मधोमध, पाण्याखाली. चार लिटर पेट्रोल भरलं की त्यातलं एक लिटरपर्यंत असं वाया जाणार, थोडं हवेत, थोडं पाण्यात. शिवाय सोबत ऑइल.

पर्याय नव्हता असं नाही. होंडानं 1964 सालीच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आणली होती. पण गिऱ्हाइकाला हलकी, स्वस्त आणि पळणारी मोटर हवी होती. कंपन्यांना दोष देणं सोपं आहे, पण ती निवड माझ्यासारख्यांनी केली होती.

1996 साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं नियम केला आणि 1998 ते 2006 या काळात कंपन्यांना टप्प्याटप्प्यानं हा धूर कमी करायला लावला. लेक टाहोवर तर 1999पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदीच झाली. पण देशभराचा तो नियम नव्या मोटरींना होता. जुन्या तशाच चालत राहिल्या, हातोहात विकल्या जात राहिल्या. विनेबागोवर माझी मोटर चालवणं पूर्णपणे कायदेशीर आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा धक्क्याला बोट बांधून मोटर तशीच चालू ठेवली होती. वारा नव्हता. मुलगी वाकून पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, इंद्रधनुष्य!" पंख्याच्या मागे पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत होता. तिला ते सुंदर वाटलं. मी मोटर बंद केली.

ऑशकॉशच्या नळाला विनेबागोचं पाणी येतं. शुद्ध होऊनच येतं, आणि एका मोटरीनं एवढा मोठा तलाव नासत नाही, हेही मला कळतं. पण त्या रात्री तिच्या पाण्याच्या बाटलीत नळाचं पाणी भरताना मी थांबलो, हे खरं.

यंदा मी 60 हॉर्सपॉवरची जुनी फोर-स्ट्रोक घेतली. बोट आता सावकाश उठते. मुलगी म्हणते, "पूर्वी मजा यायची." येत होती, मीही नाकारत नाही.

काळी मोटर गॅरेजमध्ये स्टँडवर उभी आहे. एव्हिनरूड हे नाव 2020 साली आउटबोर्डच्या बाजारातून गेलं. मिलवॉकीत सुरू झालेली गोष्ट तिथून जवळच असलेल्या स्टर्टव्हंटच्या कारखान्यात संपली. यंत्रं मात्र इतक्या सहज संपत नाहीत. परवा एका मुलाचा फोन आला. त्याला व्ही-6च हवी आहे, उत्तरेकडच्या एका छोट्या तलावावर त्याच्या आजोबांची केबिन आहे. माझी मोटर विकली तर धुराचा फक्त पत्ता बदलेल, आणि तो तलाव विनेबागोच्या मानानं चिमुकला असेल.

"चालू आहे ना?" त्यानं विचारलं.

"एकदम," मी म्हणालो. "पण सुटे भागच विकतोय. गिअरचा डबा, पंखा, स्टार्टर. अख्खी नाही."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चालू मोटर कोण मोडतं?"

माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. त्यानं फोन ठेवल्यावर गॅरेजमध्ये गेलो आणि मोटरचं झाकण काढलं. आतून अजून तोच वास आला. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग पाना घेतला.