एका खिडकीचं घर

गेल्या वीकेंडला 'अ रेझिन इन द सन' दुसऱ्यांदा वाचून काढलं. कॉलेजात वाचलं तेव्हा गरीब कुटुंब, विम्याचे पैसे, भांडणं आणि शेवटी नवीन घर, एवढंच डोक्यात राहिलं होतं. यावेळी आधी लेखिकेच्या वडिलांची कोर्टकेस वाचली होती, त्यामुळे नाटक भलतंच वेगळं लागलं.

लॉरेन हॅन्सबेरीचं हे नाटक ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय बाईने लिहिलेलं नाटक तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. लॉरेनचं वय तेव्हा २८. (त्याच वयात मी दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतोय.. असो.)

अख्खं नाटक शिकागोच्या साउथ साइडमधल्या एकाच घरात घडतं. उजेड येतो तो एका छोट्या खिडकीतून. बाथरूम बाहेर, शेजाऱ्यांबरोबर सामाईक. छोटा ट्रॅव्हिस हॉलमध्ये झोपतो, म्हणजे मोठी माणसं गप्पा मारत बसली की त्याच्या झोपेचं खोबरं! त्याचा बाप वॉल्टर ली गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर, आई रूथ लोकांकडे कामं करते, आत्या बनीथाला डॉक्टर व्हायचंय. आजी लीना खिडकीतलं एक मरतुकडं झाड जगवत असते. ही माणसं सारखी एकमेकांवर खेकसतात. मला आधी तो त्यांचा स्वभाव वाटला होता. आता वाटतं, निम्मी भांडणं त्या जागेची आहेत.

आता गंमत बघा. लॉरेन स्वतः खाऊनपिऊन सुखी घरातली. वडील कार्ल हॅन्सबेरी प्रॉपर्टीच्या धंद्यात. मोठ्या फ्लॅटचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात छोटंसं स्वयंपाकघर बसवायचं आणि भाड्याने द्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. काळ्या लोकांना दुसरीकडे घर मिळतच नव्हतं, त्यामुळे मागणी तुफान. म्हणजे लॉरेनने नाटक मांडलं ते आपल्या घरात नाही, बाबांच्या भाडेकरूंच्या घरात!

याच कार्लनी १९३७ मध्ये वॉशिंग्टन पार्कजवळच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. जमाव जमला, दगडविटा आल्या, त्यातली एक चिमुरड्या लॉरेनला लागता लागता राहिली. बाबा केससाठी वॉशिंग्टनला गेले की आई रात्री भरलेलं पिस्तूल घेऊन घरात पहारा द्यायची.

केस तर माझ्यासारख्या इंजिनियरला वेड लावणारी आहे. काळ्यांना घर न विकण्याचा वस्तीचा करार होता आणि रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांनी सह्या केल्या तरच तो लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या साधारण ५४ टक्क्यांच्याच! पण आधीच्या एका खटल्यात दोन्ही बाजूंनी ९५ चा आकडा मान्य करून टाकला होता, म्हणून इलिनॉयच्या कोर्टांनी सांगितलं, तो प्रश्न मिटलाय. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅन्सबेरींच्या बाजूने निकाल दिला, तोही फक्त एवढाच की जे त्या जुन्या खटल्यात नव्हतेच त्यांना तो बांधील नाही. असे करार कोर्टांनी अमलात आणायचे नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. कार्ल त्याआधीच, १९४६ मध्ये मेक्सिकोत वारले. अमेरिकेला कंटाळून कुटुंबाला तिकडेच न्यायचा त्यांचा विचार होता.

नाटकात यातलं काहीच नाही. ना जमाव, ना विटा, ना पिस्तूल. येतो तो लिंडनर नावाचा एक नम्र गृहस्थ. गोड बोलतो, एकोप्याने राहण्याच्या गोष्टी करतो आणि हळूच सांगतो की तुम्ही येऊ नका, घेतलंत त्यापेक्षा जास्त पैसे आम्ही देतो. मला हा माणूस जमावापेक्षा जास्त भीतीदायक वाटला. त्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतच नाही ना!

लीनाने गोऱ्या वस्तीत घर घेतलं तेही काही क्रांती वगैरे म्हणून नाही. काळ्यांसाठी लांब बांधलेली घरं दुप्पट महाग होती, आणि तिला कमी पैशात बरं घर हवं होतं. बस्स.

ते नवीन घर रंगमंचावर कधीच दिसत नाही. सामान बाहेर पडतं, लीना परत येऊन ते झाड उचलते आणि पडदा पडतो. कॉलेजात मला हा गोड शेवट वाटला होता. अशा घरात राहायला गेल्यावर काय होतं, हे लॉरेनला सात-आठ वर्षांची असतानाच माहीत होतं.