आगोटीतला खाऊ

ऑफिसातलं कुणी बँकॉकला जाऊन आलं की पॅन्ट्रीच्या टेबलावर काय दिसणार हे आता सगळ्यांना पाठ आहे. वाळवलेल्या आंब्याची पाकिटं, समुद्री शेवाळाच्या कुरकुरीत पट्ट्या, चिंचेच्या गोळ्या. वजनाला हलकं, खिशाला परवडणारं आणि अख्ख्या टीमला पुरून उरणारं. तेच कुणी दोन दिवस अलिबागला जाऊन आलं तर टेबल बहुतेक वेळा रिकामंच. फार तर काजू, तेही कुठूनतरी मागवलेले. मांडव्याच्या धक्क्यावर परतीच्या बोटीची वाट बघताना अनेकांना तोच प्रश्न पडतो: इथून न्यायचं काय?

या किनाऱ्यावर हा प्रश्न निदान साडेपाचशे वर्षं जुना आहे. १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला, सोबत विकायला आणलेला एक घोडा घेऊन. इथून आपल्या देशात खपेल असा भरपूर माल मिळेल, असं त्याला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात मिरी आणि रंग स्वस्त होते, पण रशियात नेण्याजोगं त्याला काही सापडेना; शिवाय जकात जबर आणि समुद्रात चाचे. सांगणाऱ्यांनी फसवलं, असं त्याने वहीत चिडून लिहून ठेवलं. परतताना घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. मागे राहिली ती वही. आज रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

निकितिन नफ्याचा माल शोधत होता. खाऊचं गणित वेगळं. आपण कुठेतरी होतो आणि तिथे असताना तुमची आठवण होती, एवढंच खाऊ सांगतो. थाई भाषेत अशा भेटीला ‘खोंग फाक’ म्हणतात. ‘खोंग’ म्हणजे वस्तू आणि ‘फाक’ म्हणजे कुणाकडे सोपवणं, ठेवायला देणं. सोपवायची गोष्ट वाटेत टिकली पाहिजे. मग आंबा ताजा न नेता वाळवून नेणं ओघानंच आलं.

रायगडच्या किनाऱ्यावर अशा टिकाऊ पदार्थांची कमी कधीच नव्हती. ते पर्यटकांसाठी बनत नव्हते, इतकंच. ते बनत होते पावसासाठी. पावसाळा तोंडावर आला की घरात चार महिन्यांची बेगमी करायची, तिला इकडे आगोट म्हणतात. एप्रिल-मेच्या उन्हात पापड, मिरगुंडं, फणसपोळी, आंबापोळी, आमसुलं, सुके बोंबील, जवळा, सगळं वाळवून डब्यांत भरायचं. तत्त्व साधं आहे. बुरशी आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागतं, ते उन्हाने काढून घ्यायचं. मिठाने उरलेलं पाणी बांधून ठेवायचं, कोकमात आंबटपणाही मदतीला. फ्रिज नसलेल्या घराने शोधलेली ही शेल्फ लाइफ आहे.

पावसात या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध किती नाजूक होता, हे १७ जुलै १९४७ ने दाखवलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. बरीचशी अमावस्येसाठी घरी निघालेली. गेटवे ते मांडवा ही वाहतूक आजही पावसाळ्यात बंद असते, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. समुद्र बंद झाला की घरातलं वाळवण उघडायचं, हा इथला जुना क्रम.

यातलाच एक पदार्थ म्हणजे पोहे. भातशेतीच्या या मुलखात ते घरचेच. भात भिजवून, भाजून, कांडून केलेले पोहे महिनोन्महिने टिकतात आणि शिजवायला चूल लागत नाही. या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंनी ते धर्मकार्यात नेले. पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडी, सुका मेवा आणि सोबत फळं असतात. एलिया पैगंबराच्या नावाने तो केला जातो, आणि खंडाळ्याजवळचा एक खडक त्याच पैगंबराचं ठिकाण मानला जातो. १९४८ नंतर यातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, पण मलिदा तिथेही होतो. इथल्या पोह्यांची ही चाल बहुधा सगळ्यात लांब पोचली.

त्याच खंडाळे-कार्ले परिसरात भातकापणीनंतर पांढरा कांदा लावतात. चवीला गोडसर, कमी तिखट. काढल्यावर पातीसकट सुकवून त्याच्या वेण्या घालतात, त्या आढ्याला टांगल्या की हवा लागून कांदा टिकतो. म्हणजे रस्त्याकडेला दिसणारी ती सुंदर माळ हे मुळात साठवणीचं तंत्र आहे. कृषी विभाग आणि कोकण कृषी विद्यापीठाने २०१९ साली या कांद्याच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरमधली नोंद त्यात पुरावा म्हणून आली आणि मानांकन मिळालं. आता ‘अलिबागचा’ हे नाव कायद्याने कांद्याचं आहे.

पापडांना आणि आमसुलांना असं नाव क्वचितच लाभतं. थायलंडने २००१ मध्ये ‘एक तांबोन, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली, जपानच्या ओइता प्रांतातल्या जुन्या प्रयोगावरून. तांबोन म्हणजे काही गावांचा गट. त्या गटाने आपली एक वस्तू निवडायची, तिला बरं पाकीट आणि नाव द्यायचं. बँकॉकचा खाऊ आपल्या टेबलापर्यंत पोचतो, त्यात चवीइतकाच अशा पाकिटांचा वाटा आहे. पेणच्या पोह्याच्या पापडामागेही तेवढेच कष्ट आहेत. बायका पहाटे उठून पीठ कुटतात, लाटतात, दिवसभर उन्हाकडे लक्ष ठेवतात. पण आपण घेतो तेव्हा बरेचदा ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, तोंडाला स्टेपलरची पिन. कुणी केले, कुठे केले, काही लिहिलेलं नाही. आणि बिननावाच्या वस्तूवर घासाघीस करायला हात लगेच पुढे होतो.

तर हजार रुपयांत टीमसाठी खाऊ न्यायचा असेल तर काजूच्या बरण्या सोडून द्या. पेणला थांबून पोह्याचे पापड घ्या. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्येही ते मिनिटभरात फुलतात. आंबापोळी-फणसपोळीचे छोटे तुकडे करून सगळ्यांत वाटता येतात. आमसुलाची पिशवी स्वयंपाक करणाऱ्या मित्राला. मार्च ते मे असेल तर कांद्याची एक माळ जवळच्या एखाद्यासाठी. जवळा आणि बोंबील मात्र विचारूनच, आणि ऑफिसात न उघडता थेट घरी.

घेताना विकणाऱ्या बाईंना गाव विचारा, आणि त्या सांगतील ते पेनने पिशवीवर लिहून घ्या. टेबलावर पापड ठेवताना ‘अलिबागहून आणलेत’ याऐवजी त्या गावाचं नाव सांगता येईल.