गाईच्या पोटातलं काम माशासाठी कोण करणार?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात बसून माशांच्या खाद्याचा इतिहास पाहायचा, तर आपल्याला सुरुवात गोठ्यापासून करावी लागते. वऱ्हाडात सरकीची ढेप गाई-म्हशींना पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. भिजवलेल्या ढेपेचं आंबोण आपण जनावरापुढे ठेवतो. पुढचं आंबवणं गाय स्वतःच करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ढेप फोडतात.

रोहू-कटल्याला ही सोय नाही. त्यांना जठरच नसतं. अन्न थेट आतड्यात उतरतं. तरी आपण त्यांना गोठ्यातलंच खाद्य दिलं. असं का झालं?

पूर्वी मत्स्यबीज नदीतून धरून आणायचे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळला डॉ. हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. बीज हाताशी आलं, तळ्यात मासे वाढले आणि पाण्यातलं नैसर्गिक अन्न पुरेना. मग शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा निम्मा-निम्मा घालायची रीत पडली. याच काळात, 1961 साली, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी राहिली. 1952 ते 1962 केंद्रात कृषी खातं सांभाळणारे डॉ. पंजाबराव देशमुख आपल्याच तालुक्यातल्या पापळचे, हेही लक्षात ठेवू.

पुढचं वळण 1972 चं. आपल्याकडे दुष्काळ, तिकडे पेरूच्या किनाऱ्यावर एल निनोनं समुद्र तापला आणि अँचोव्ही मासळी कोसळली. मासळीची भुकटी महागली. जगाची नजर सोयाबीनकडे वळली, आणि पुढे ते आपल्याही शेतात आलं.

पण सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. त्यातले बरेचसे उष्णतेनं निकामी होतात. फायटेट मात्र टिकून राहतं. सोयाबीनमधला जवळजवळ दोन तृतीयांश फॉस्फरस त्यात अडकलेला असतो. माशाला तो मिळत नाही. विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळं शेवाळतं. सरकीत पुन्हा गॉसिपॉल हे विषारी द्रव्य आहेच.

म्हणून आंबवणं. योग्य बुरशी, यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलस ढेपेवर वाढवले की त्यांतले काही फायटेज नावाचं विकर सोडतात, अडकलेला फॉस्फरस मोकळा होतो. पोट फुगवणाऱ्या शर्करा कमी होतात. गाईच्या पोटातलं काम आपण पिंपात करून घेतो.

मात्र आंबणं वेगळं, सडणं वेगळं. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. तेव्हा विरजण निवडलेलं हवं, पिंप स्वच्छ हवं, आणि काळी-हिरवी बुरशी दिसली की माल फेकायचा.

मत्स्यपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. सोयाबीन आपण पिकवतो, सरकीही आपली. तयार खाद्याची गोणी मात्र बाहेरून घेतो. मधली जी पायरी सुटली आहे, ती आंबोणाची आहे, आणि ती आपल्याला परकी नाही.