खाड्याचा हिशेब

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता छेदतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटातल्या ऊसतोड टोळ्या याच रस्त्यांनी कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या बोलीतला 'खाडा' तालमीतही चालतो. मेहनत चुकली तरी खाडा, फडात कोयता उचलला नाही तरी खाडा. फक्त फडातल्या खाड्याचा दंड मुकादम हिशेबात धरतो. 2019 साली बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, तेव्हा दिवसाला 500 रुपयांचा हा दंड राज्याला कळला. या दंडामागे समज एकच आहे: ताप उतरला की माणूस बरा झाला, आता त्याने उभं राहावं. हा समज चूक आहे, आणि तो चूक असल्याचे पुरावे याच मुलखात पडलेले आहेत.

महामार्गाने दक्षिणेला जाऊन येरमाळ्याहून वळलं की बार्शी येते. तिथे 1973 साली चिकुनगुन्याची साथ आली आणि पाहणीत शंभरातल्या 37 हून अधिक लोकांना बाधा झाल्याचं आढळलं. नंतर तीसेक वर्षं हा आजार जवळपास विस्मरणात गेला. 2006 साली तो परतला तेव्हा देशात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांतले अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. मूळ शब्द टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला. त्याचा अर्थ माणसाला वाकवणारं दुखणं. ताप आठवड्याच्या आत जातो, पण मनगटं, घोटे, बोटांचे सांधे काहींचे महिनोन्महिने, तर काहींचे वर्षाहून अधिक काळ धरलेले राहतात. कोयता चालतो मनगटावर आणि डोक्यावरची मोळी पेलते घोट्यावर, हे ध्यानात घेतलं म्हणजे या दुखण्याने नेमकं काय हिरावलं ते कळतं. शिवाय हा आजार पसरवणारा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि दुष्काळी गावाला पिंप-रांजण भरून ठेवल्यावाचून गत्यंतर नसतं.

घाम गाळला की दुखणं पळतं, असं जुनी मंडळी म्हणतात. साध्या सर्दीनंतर हलकी हालचाल बहुधा बाधत नाही, हे खरं. पण 1970 साली अमेरिकेत कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात तो विषाणू शेकडो पटींनी वाढला. उंदीर म्हणजे पैलवान नव्हे, हेही मान्य. करोनाच्या सुरुवातीला खेळाडूंच्या हृदयाविषयी जी भीती पसरली, ती पुढे बरीच ओसरली: अमेरिकेतल्या 1,597 विद्यापीठीय खेळाडूंच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला सूज आढळली ती 37 जणांत. तेव्हा धास्तीपोटी सगळ्यांना महिनाभर खाटेवर बसवा, असं कोणी म्हणणार नाही. मात्र हृदय शाबूत असूनही दम लागणं, थकवा न हटणं, पूर्वीचा वेग हाती न येणं हे अनेक खेळाडूंनी अनुभवलं. म्हणूनच 2020 साली ब्रिटिश क्रीडावैद्यकांनी किमान 10 दिवस विश्रांती, त्यांतले शेवटचे 7 दिवस लक्षणांविना, आणि मग पहिल्या टप्प्यात फक्त 15 मिनिटांची हलकी हालचाल, असा क्रम सुचवला.

यावर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण कोणीही पुढे करील. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीत त्याला करोनाने गाठलं, सराव मोडला. तरी 30 जुलै 2021 रोजी त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 18.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मग खाडा भोवला कुठे? उलट खाडा पचला, असं म्हणावं लागेल. विक्रम होऊनही अंतिम फेरी हुकली. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 अशी वेळ देत त्याने रौप्य मिळवलं. या सात सेकंदांतले किती विश्रांतीचे आणि किती सरावाचे, हे वेगळं काढता येणार नाही. पण साबळे हा लष्करातला शिपाई, महार रेजिमेंटचा. आजारी पडला म्हणून त्याचा पगार तुटत नव्हता, छावणीत प्रशिक्षक आणि डॉक्टर होते. टोळीतल्या जोडप्याची मजुरी मात्र टनावर असते आणि उचल आधीच खर्चलेली असते. तेव्हा खाडा न घेण्याला निव्वळ हेकटपणा म्हणणं अन्याय होईल; न थांबण्यामागे हिशेबाची सक्ती आहे. ही सक्ती कागदावर मोडता येते. मुकादमाशी उचलीचा करार होतो तेव्हाच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तापानंतरचे निदान 10 दिवस दंडातून वगळल्याचं त्यात लिहून घ्यावं, आणि कारखान्यांनी तसं लिहिल्याशिवाय टोळी नोंदवू नये.