परसात बदने, पातेल्यात वांगी

बंगळूरच्या चामराजपेटेत परसातल्या झाडाला लागते ती बदनेकायि. तिच्याच फोडी भातात पडल्या की तिची वांगी होतात, कारण पदार्थाचं नाव 'वांगीबात'. इथल्या कन्नड बोलण्यात भाजीवाला, माळी, बी विकणारा, सगळे 'बदने'च म्हणतात. 'वांगी' फक्त त्या पातेल्यात. याचा ठरलेला खुलासा म्हणजे शहाजीराजे. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या स्वारीनंतर १६३८ मध्ये बंगळूर त्यांच्या जहागिरीत आलं, पुढे त्यांच्या मुलाकडे, एकोजींकडे गेलं, १६८७ मध्ये मोगलांनी घेतलं. पन्नास वर्षांचा अंमल, मग शब्द मागे उरला यात नवल कसलं? मला हे अर्धंच पटतं. राज्य करून शब्द रुजत असता तर तो परसातही रुजला असता.

तिथे जागाच नव्हती; झाडाला नाव आधीपासून होतं आणि बीही घरचंच होतं. चांगल्या झाडावरचं एक फळ न तोडता पिवळं पडू द्यायचं, आतलं बी धुऊन सावलीत वाळवायचं, पुढच्या वाफ्याला तेच. रोप लावल्यावर दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो, आणि बहर ओसरल्यावर छाटणी केली की तेच झाड पुन्हा धरतं. असं घरातल्या घरात फिरणारं पीक नाव कशाला बदलेल? उलटा दाखला मांडवावर लोंबतो आहे. चौचौ ही मूळची मेक्सिकोकडची वेल, काकडीच्या कुळातली. बंगळुरात ती आणल्याचं श्रेय लालबागेचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन यांना दिलं जातं. ती बिननावाची आली, म्हणून तिनं शेजारणीचं नाव उसनं घेतलं: सीमेबदनेकायि, म्हणजे विलायती वांगं. वांगीभात मात्र स्वतःचं नाव घेऊनच आला.

यावर कुणी म्हणेल, 'बात' तर बिसिबेळेबातातही आहे, खाराबातातही आहे. खरं आहे, म्हणून 'भात' या शब्दावर मी काही उभारत नाही. तेलुगूचा आक्षेप जास्त वजनाचा: तिथे वांगं म्हणजे वंकाय, आणि बंगळुरात तेलुगू कानाकोपऱ्यात ऐकू येते. पण तेलुगूतून आलं असतं तर शेवटचं 'काय' एवढं सहज गळलं नसतं. 'वांगी' आणि 'भात' जोडीनं येतात ते मराठीत. तंजावरच्या मराठ्यांकडून किंवा म्हैसूरकडून हा पदार्थ आला नसेल कशावरून, हा प्रश्न मात्र मी खोडत नाही. शब्दावर तारीख लिहिलेली नसते. चामराजपेट वसली १८९२ मध्ये, किल्ल्याच्या पश्चिमेला, जुन्या पेठेची दाटी कमी करायला; म्हणजे शहाजींनंतर अडीचशे वर्षांनी. तोवर शब्द टिकला तो सनदांमुळे नव्हे, चुलीमुळे. घरात मराठी आणि रस्त्यावर कन्नड बोलणारी देशस्थ कुटुंबं या शहरात होती, आणि या भाताला हवं तसं वांगं परसच देतो: कोवळं, चकचकीत, अंगठ्यानं दाबलं तर खळगी पुन्हा भरून येईल असं. साल निस्तेज झाली की आत बी कडक होतं, आणि भात बिघडतो.

भात इथे आल्यावर बदललाही. त्याच्या पुडीत हरभऱ्याची आणि उडदाची डाळ भाजून पडते, आणि लवंगेसारखी दिसणारी, तिच्याहून मोठी एक कळी. कन्नडमध्ये तिचं नाव 'मराठी मोग्गु', मराठी कळी. आपल्या गोड्या मसाल्यात ती सहसा नसते.