सरफोजीराजांचे तंजावर

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा बृहदीश्वराच्या दर्शनासाठी गेलेला असतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्णत्वास नेलेल्या त्या देवालयाचे विमान पाहता पाहता मान दुखू लागते, आणि भिंतींवरील तमिळ शिलालेखांपुढे आपण निरक्षर ठरतो. पण प्रदक्षिणा करताना प्राकाराच्या भिंतीपाशी पाय एकाएकी थबकतात. तेथे दगडावर देवनागरी अक्षरे आहेत, आणि भाषा मराठी आहे. भोसले कुळाचा इतिहास तेथे विस्ताराने कोरलेला आहे. मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

हा लेख १८०३ सालचा आहे, आणि हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या चारच वर्षे आधी, १७९९ च्या तहाने, तंजावरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले होते. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, त्याच्या भोवतालचा थोडा परिसर, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. आपल्या पूर्वजांची कीर्ती दगडावर कोरविणाऱ्या त्या राजाला राज्य असे उरलेच नव्हते. त्याचे नाव सरफोजी भोसले, दुसरे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून कावेरीच्या खोऱ्यात मराठी दरबार नांदत होता. तो दरबार कधीच केवळ मराठी नव्हता. आधीच्या नायक राजांची तेलुगू तेथे मानाने राहिली, तमिळ ही भूमीची भाषा, आणि संस्कृत पंडितांची. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली. सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये रंगभूमीवर आले आणि मराठी नाटकाचा इतिहास आपण तेथून मोजतो. तंजावरची मराठी नाटके त्याहून दीडशे वर्षे जुनी आहेत, हे पुण्यामुंबईच्या रसिकांना फार उशिरा कळले. ( सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून आला, ही कथा मात्र सांगण्यापुरतीच गोड, इतिहासात तिला आधार नाही. )

सरफोजींचा जन्म १७७७ चा. निपुत्रिक तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती एका परक्या माणसाला केली. तो म्हणजे ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ, प्रशियातून १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेला लुथरपंथी धर्मोपदेशक. तमिळ, फारसी, मराठी या भाषा त्याने शिकून घेतल्या होत्या. त्याच्या सचोटीची ख्याती एवढी, की १७७९ मध्ये कंपनीने त्याला हैदरअलीकडे बोलणी करण्यास धाडले होते. तुळजाजींच्या मागे त्यांचे बंधू अमरसिंग यांनी गादी घेतली, दत्तविधान अशास्त्र ठरविले गेले, आणि मुलाची कोंडी झाली. श्वार्ट्झने त्यास मद्रासला हलविले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. पुढे कंपनीने आपला निर्णय फिरविला आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. ते पाहायला श्वार्ट्झ उरला नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो वारला होता.

किल्ल्यातील शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आजही एक संगमरवरी शिल्प आहे. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून सरफोजींनी ते करवून घेतले. मृत्युशय्येवरील वृद्ध उपदेशक आणि त्याचा हात हाती घेऊन उभा असलेला, पागोटे घातलेला तरुण राजा, असे ते दृश्य आहे. श्वार्ट्झवर राजांनी इंग्रजीत पद्यही रचले. तरीही सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते शिवभक्तच राहिले; देवळांना, छत्रांना दाने देत राहिले. गुरूचा धर्म न घेता गुरूचे ऋण मानणे त्यांना अवघड गेलेले दिसत नाही.

सत्ता गेलेल्या राजांची करमणूक कशी चाले, हे इतर संस्थानांच्या कथांतून ठाऊक आहे. सरफोजींनी वेळ आणि पैसा दुसरीकडे घातला. कंपनीच्या अधिकाऱ्यांमार्फत ते युरोपातून ग्रंथ, यंत्रे, शास्त्रीय उपकरणे मागवीत. अस्थिशास्त्र शिकण्यासाठी मानवी सांगाड्याची प्रतिकृतीसुद्धा त्यांनी विलायतेहून आणविली. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनिअस, बुफाँ यांचे दाखले सहज देणारा आणि शेक्सपिअरवर स्वतःचे मत असलेला राजा पाहून ते चकित झाले. पुढे थोड्याच दिवसांत तिरुचिरापल्लीस हीबर यांचा अंत झाला.

राजवाड्यातील धन्वंतरी महालात वैद्य आणि पाश्चात्त्य पद्धतीचे जाणकार यांच्या साहाय्याने औषधांची पारख होई. नेत्ररोग्यांची टिपणे तर विशेष आहेत: डोळ्यांची रंगीत चित्रे, दोष कोणता, उपचार काय केला, गुण आला की नाही, असा रोगीवार तपशील. गुणकारी ठरलेले उपचार तमिळ पद्यात बांधून घेतले गेले, कारण गावोगावच्या वैद्यांना पाठ होतील ते तमिळ पद्यच. हे पाहिले म्हणजे सरफोजींचा हा सारा खटाटोप छंदिष्टपणा होता, असे म्हणवत नाही.

मराठीला त्यातून काय मिळाले? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालू झाला, आणि इसापाच्या कथांचे सखण्णा पंडितांनी केलेले मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने तेथे छापले गेले. पुण्यामुंबईत मराठी पुस्तके छापण्याची रीत रूढ होण्याच्या आधीची ही गोष्ट. ‘नवविद्या कलाशाला’ नावाची पाठशाळा निघाली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्रात तर यात्रेकरूंना अन्न आणि मुलांना अनेक भाषांचे विनामूल्य शिक्षण एकाच छपराखाली मिळे. पण सर्वांत नवल वाटते ते ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी रचनेचे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजी नायिकेपुढे येते आणि आपल्या देशाचे वर्णन गाते. सरफोजींनी हीच चौकट घेतली आणि कुरवंजीच्या तोंडी सगळ्या पृथ्वीचा भूगोल घातला. साचा तमिळ, भाषा मराठी, ज्ञान युरोपचे. पाठ्यपुस्तक म्हणून तिचा उपयोग किती झाला असेल ते असो. मुलाला भूगोल गाऊन शिकवावा ही कल्पना मात्र आजच्या शिक्षकालाही मोहात पाडील.

संगीतातही तेच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्याचा क्रम घडविला, तो याच दरबाराच्या आश्रयाने; आणि विलायती व्हायोलिनला कर्नाटक संगीतात स्थान मिळवून देणाऱ्यांत वडिवेलूंचे नाव अग्रभागी आहे. दरबारात युरोपीय पद्धतीचा बँडही वाजत असे.

या मैत्रीची दुसरी बाजू समुद्रकाठी उभी आहे. तंजावरच्या आग्नेयेस, बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर, मनोरा नावाचा षट्कोनी, आठ मजली बुरूज आहे. नेपोलियनच्या पाडावाच्या आनंदाप्रीत्यर्थ सरफोजींनी १८१४ च्या सुमारास तो बांधला. त्यावरील लेखात ते स्वतःला ब्रिटिशांचे मित्र म्हणवतात. ज्यांनी राज्य घेतले, त्यांच्या विजयाचा हा स्तंभ पाहताना मराठी मन अवघडते. बृहदीश्वरातील भोसले वंशाचा लेख आणि हा मनोरा एकाच हाताची कामे आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचल्यावाचून सरफोजी समजत नाहीत.

१८२० नंतर राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले आणि परतताना हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन आले. नायकांच्या काळापासूनचे ग्रंथभांडार, म्हणजे सरस्वती महाल, त्यांनी असे वाढविले. तेथे आज सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. बहुसंख्य संस्कृत, पण मराठीही तीन हजारांवर आहेत, आणि शेजारी सरफोजींच्या संग्रहातील युरोपीय भाषांचे ग्रंथ. जॉन्सनचा १७८४ चा इंग्रजी कोश प्रवाशांना काचेआड पाहायला मिळतो.

सरफोजी मार्च १८३२ मध्ये निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून मरण पावले आणि डलहौसीच्या काळातच कंपनीने संस्थान खालसा केले, राजवाड्यासह खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासमध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असे सांगण्यात आले. मैत्रीचा मनोरा तोवर पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

ग्रंथालय मात्र वाचले. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातील संस्कृत ग्रंथांची सूची केली, आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तंजावरच्या गल्ल्यांत आजही काही घरांतून जुन्या वळणाची मराठी ऐकू येते. तिच्यात तमिळ हेल आहे. दरबाराच्या कारभाराची मोडी कागदपत्रे रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. आज मोडी वाचणारे थोडे, आणि त्यांतही तंजावरची मराठी जाणणारे त्याहून थोडे. एखादा रुमाल सुटतो, तेव्हा त्यातून स्वयंपाकघराचे हिशेब निघतात, नर्तकींचे पगार निघतात, कधी विलायतेहून आलेल्या पुस्तकांच्या पेट्यांची नोंद निघते.